गिरगावची प्यादेमात

मी, आनंदीबाई विठोबा चिंदरकर, वय वर्षे सहासष्ट, मुंबईच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, राहणार आचरे, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. ज्याला शंका असेल त्याने समोर पट मांडून बसावे.

१. आचऱ्याचे घर व मागची कलमे माझ्या स्वतःच्या कमाईची आहेत. माझ्या पश्चात ती पुतण्या गणपत याला मिळावीत. अट एकच. दर रविवारी पडवी बुद्धिबळ खेळणाऱ्यांना उघडी राहील, आणि बायका आल्या तर त्यांना बघत उभे न ठेवता पटावर बसवले जाईल. आंब्याच्या पेट्या त्याने पडवीत न रचता पुढच्या अंगणात, खळ्यात रचाव्यात. अट मोडल्यास घर भाची सुगंधा हिचे.

२. बाबांनी सावंतवाडीहून करून आणलेला पट व मोहरे सुगंधाला. गणपतला नाही, कारण त्याने एका उन्हाळ्यात त्या पटावर कोकमाची सोले वाळत घातली. पांढरी घरे अजून तांबूस आहेत आणि माझा राग अजून तसाच आहे. पोस्टातली शिल्लकही सुगंधाचीच.

३. गिरगावातील पटमित्र मंडळास मी एक लाकडी पाटी ठेवून जाते. मालवणच्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतली आहे. तीवर माझे नाव व १९५७ साल आहे. मंडळाने ती भिंतीवर विजेत्यांच्या ओळीत लावावी. हा हक्क मी इतकी वर्षे मागते आहे, तेव्हा त्याचे कारणही इथेच लिहिते.

मंडळाच्या खोलीत बायकांना खुर्ची होती, पट नव्हता. नवरा वारल्यावर मी शाळा सुटली की तिथे जाऊन बसे आणि पुरुषांच्या चुका बघून जीभ चावी. त्या वर्षी गणपतीत चिटणीस सत्यवान परुळेकर यांनी आव्हान दिले, की जो आपल्याला हरवील त्याला सभासद करून घेऊ आणि नाव भिंतीवर लावू. मी उठून समोर बसले. बाबांच्या रिवाजाप्रमाणे पदराचा दोरा काढून एका प्याद्याला बांधला आणि म्हटले, "मात या प्याद्याने होईल."

"बाई, ही शाळा नव्हे," परुळेकर म्हणाले. सगळे हसले.

त्या प्याद्याच्या मागे लागून त्यांनी माझा हत्ती मारला, उंट मारला, वजीरही मारला. स्वतःच्या राजाकडे बघायचे राहून गेले. दोरेवाल्या प्याद्याने शह दिला तेव्हा त्या राजाला पळायला घर उरले नव्हते. मला झालेला आनंद मी आयुष्यात दुसऱ्या कशाशी बदलणार नाही.

मग परुळेकरांना आठवले, की मंडळाने त्याच महिन्यापासून विलायती नियम घेतले आहेत, त्यांत प्यादे पहिल्या खेपेला दोन घरे चालते, सबब देशी डाव धरता येत नाही. हे आठवेपर्यंत ते स्वतः प्यादी एकेक घरच चालवत होते! नाचता येईना अंगण वाकडे. तरी मी पेढे घेतले आणि घरी जाऊन एकटीने खाल्ले.

४. सदर परुळेकर आता कुडाळला राहतात. गेल्या रविवारी माझ्या पडवीत आले. गणपतने पाट दिला, मी चहा दिला. पेला खाली ठेवून म्हणाले, "बाई, तो डाव तुमचोच. माका तेवाच कळलेला, पण मंडळीसमोर तोंडातसून भायर येय नाय."

"मगे आता कागदार येवंदे," मी म्हटले.

मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. म्हणून परुळेकरांना मी विचारपूर्वक काहीही देत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि खाली सही केली आहे.

स्थळ: आचरे
तारीख: १४ एप्रिल १९६८
(सही) आनंदीबाई विठोबा चिंदरकर

साक्षीदार
१. (सही) नर्मदा भिकाजी खोबरेकर, शेजारीण. बाईंनी माझ्यासमोर सही केली.
२. बाईंनी माझ्यासमोर सही केली. तसेच १९५७ साली गिरगावात भरल्या मंडळात त्यांनी माझ्यावर प्यादेमात केली. पाटी मी स्वतः नेऊन भिंतीवर ठोकीन, बाई जिवंत असतानाच.
(सही) सत्यवान परुळेकर, हरलेला