केचपबंदी

३ मे
निश्चय : एचओएच्या बोर्डाची निवडणूक लढवायची. एचओए म्हणजे आपली सोसायटीच, फक्त अमेरिकन आणि गवताची उंची मोजणारी. काल नोटीस आली : ‘ड्राइव्हवेवरची पांढरी घरटी ताबडतोब हटवावीत.’ घरटी! बायकोने, वीणाने, गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्याने पिळून गॅरेजसमोरच्या उन्हात घातलेल्या कुरडया होत्या त्या. तक्रार समोरच्या डेलची. निवडणुकीला उभाही तोच आहे. मागच्या अंगणात पाइनची सावली, ऊन येतच नाही. म्हणजे यंदा कुरडया बंद, असं वीणा म्हणाली. मी शब्द दिला, निवडून येतो आणि कुरडया कायदेशीर करतो. ती म्हणाली, बरं, आधी चादर आत आण.
उद्यापासून रोज सकाळी सहाला प्रचारफेरी.

५ मे
प्रचारफेरी नाही. हवेत पोलन, शिंका थांबेनात.
पण डोकं चाललं. मेमोरियल डेच्या सुट्टीला, २६ तारखेला, आपल्याकडे कुकआउट, म्हणजे अंगणात सॉसेज भाजून पावात घालून द्यायची. अमेरिकन माणूस कशावरही तडजोड करील, सॉसेजवर काय घालायचं यावर नाही. कोल्हापूरकराला पुण्याची मिसळ देऊन मत मागून बघा! तेव्हा प्रत्येक मतदाराला त्याच्या त्याच्या गावचं टॉपिंग. मी स्वतः सॉसेज खात नाही, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती.

९ मे
रिसर्च पूर्ण. न्यूयॉर्क : आंबवलेला कोबी, कांद्याचा लाल सॉस. सिॲटल : क्रीम चीज (लोक काहीही खातात). शिकागो : मस्टर्ड, टोमॅटो, काकडीचं लोणचं, मिरच्या, खसखस लावलेला पाव. केचप दिसलं तर शिकागोचा माणूस संबंध तोडतो. जॉर्जिया : विशेष काही नसावं. बावीस वर्षं इथेच, जॉर्जियातल्या अल्फारेटात राहतोय, असतं तर कानावर आलं असतं.

१४ मे
कोणाला थेट गाव विचारणं बरं दिसत नाही. टोप्या आणि टी-शर्टवरून सर्व्हे केला. डेलची टोपी शिकागोच्या बेसबॉल टीमची. कोपऱ्यावरच्या लोरेटाचा टी-शर्ट न्यूयॉर्कचा. संपलं.
रात्री नैनाला फोन. मुलगी शिकागोतच नोकरीला, म्हणून टोपीची खात्री करून घेतली. म्हणाली, बाबा, जस्ट आस्क हिम. अँड प्लीज, डोन्ट मेक इट वियर्ड. या पिढीला राजकारण कळत नाही.

२५ मे
ऐनवेळी कोणाचा हात घसरू नये म्हणून केचपच्या तिन्ही बाटल्या गाडीच्या ट्रंकमध्ये लॉक केल्या. वीणा म्हणते, कोबीची कोशिंबीर करते. कर म्हटलं, पण कोपऱ्यात ठेव. उगाच थीम बिघडायला नको.

२६ मे, संध्याकाळ
एकंदरीत यशस्वी.
क्रीम चीज उन्हात वाहून गेलं. पोरं केचपसाठी रडली. लोरेटा अलाबामाची निघाली, टी-शर्ट म्हणे एअरपोर्टवर सेलमध्ये घेतलेला.
डेलने केचप मागितलं. मी हसून म्हणालो, सर, तुम्ही शिकागोचे, तुमचा असा अपमान माझ्या घरी होणार नाही. तो म्हणाला, शिकागोत कधी पाऊल ठेवलेलं नाही, टोपी जावयाने दिली, आणि आम्ही पणजोबांपासून जॉर्जियाचे. मी म्हणालो, लाजू नका. तो उपाशीच कोपऱ्याकडे वळला आणि वीणाची कोशिंबीर चमच्याने सॉसेजवर घालून खाऊ लागला. स्लॉ डॉग, म्हणजे कोबीवाला हॉट डॉग! त्याची आजी सॉसेजवर असाच कोबी घालून द्यायची म्हणे, इकडे तीच पद्धत. दाण्याच्या कुटाशी पोचल्यावर त्याने डोळे मिटले. वीणाने वर नोटिशीआधी वाळलेल्यांतली एक तळलेली कुरडई चुरली. मॅम, हे कुरकुरीत कुठे मिळतं, असं तो अगदी अदबीने विचारता झाला. वीणा म्हणाली, माझ्या ड्राइव्हवेवर. तुम्ही ज्याला घरटी म्हणालात ना, तेच.
डेल कानापर्यंत लाल. मागे रांग लागली. कोशिंबीर संपली. गर्दी खेचण्याची माझी योजना अचूक ठरली.

२७ मे
ट्रंक उघडली. एक बाटली उन्हाने फुगून फुटलेली. बाकी विशेष नाही.

२९ मे
निकाल. डेल निवडून आला. मला एक मत.
एक तर एक, ते आपलं हक्काचं, असं मी म्हणालो. वीणा म्हणाली, घराला एकच मत असतं आणि आपलं मी डेलला टाकून आले, त्याने कुरडयांचा शब्द दिला होता. मग मला मत दिलं कोणी? चौकशीअंती कळलं, डेलने. शेजारधर्म म्हणून.
डेलच्या मनात माझ्याविषयी किती आदर आहे, ते दिसलंच.

७ जून, सकाळ
नवा नियम झाला. ड्राइव्हवेवर कुरडया चालतील! ऐतिहासिक विजय. मूळ कल्पना माझी. वीणाने पहाटेच घातल्या आणि खारी हाकलायला मला काठी देऊन खुर्चीत बसवलं. जबाबदारीचं पद आहे.

७ जून, दुपार
सोसायटीची नोटीस. कुरडयांना हरकत नाही. रस्त्यावरून दिसणारी खुर्ची आणि तिच्यातला माणूस ताबडतोब हटवावा.