इरा पोचेपर्यंतचा केर

पद्मा,

चावी शेजारी काशीवहिनींकडे ठेवली आहे. म्हसळ्याला काकांच्या बागेची मोजणी आहे, म्हणून मी सकाळीच निघालो. आज मुक्काम तिथेच. फ्रीजमध्ये सोलकढी आहे, भात तेवढा लाव.

घर बघून ओरडू नकोस. माणूस पोचल्याशिवाय त्याच्यामागे केर काढायचा नाही, हा तुझाच नियम. इरा माणगावच्या शाळेत शिकवत होती तोवर तो बरा होता. दुपारच्या आत ‘पोचले’ म्हणून तिचा फोन यायचा आणि तू झाडू घ्यायचीस. पण मेलबर्न म्हणजे मुंबईपासून जवळजवळ दहा हजार किलोमीटर, त्यात सिंगापूरला विमान बदलायचं. म्हणजे अख्खा दिवस घर तसंच! आजवर मी तुला हसलो, पण या वेळी तू तिला सोडायला मुंबईला गेलेली, आणि माझाच हात झाडूला लागेना. फोनवर लेकीचं विमान बघत बसलो. समुद्रावरून इतकं हळू सरकत होतं, की त्यापेक्षा आपली मांडव्याची बोट बरी.

काल तिचा फोन आला. सुखरूप पोचली, जेवली, तिथे थंडी आहे म्हणाली. तेव्हाच केर काढायला हवा होता, कबूल. पण निघायच्या दिवशी ती किनाऱ्यावर जाऊन आली आणि नेहमीसारखी पाय न धुता आत शिरली. ओटीपासून तिच्या खोलीपर्यंत वाळूची पावलं उमटली आहेत.

बाकी घर झाडून घे. तिथून मात्र कडेकडेने जा.

श्रीधर