दिव्यांबरोबर मी

४ ऑगस्ट १९५६

ठरलं! दिवाणखान्यातले दोन्ही लाकडी दिवे भोपाळला जाणार. आणि दिव्यांबरोबर मी!

दौलतसिंह साहेबांनी बोलावून सांगितलं — या सरकारी अतिथिगृहाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. "महिपतरावजी, नई राजधानी में बड़े-बड़े मेहमान आएँगे. ये जोड़ी वहीं सजेगी. आपके सिवा इसे कोई हाथ नहीं लगाता, तो आप भी साथ चलिए." कौतुकानंच म्हणाले. मी मान डोलावली. मान डोलावायला काय लागतं! बाहेर येऊन पायरीवर बसून राहिलो.

एकोणपन्नासाव्या वर्षी ग्वाल्हेर सोडायचं. सकाळी उठून किल्ला दिसला नाही तर मला पूर्व कुठली तेही कळायचं नाही. आणि दाना ओली गल्लीतल्या मारुतीला पहाटे पाणी कोण घालणार?

शालिनीला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि पोळ्या लाटत राहिली. बायका किती लवकर मन घट्ट करतात!

५ ऑगस्ट

आज दिवे पुसताना उगाच वेळ लावला. दीड हात उंच आहेत. गोल खांब, त्यावर उभ्या खाचा, डोक्यावर कलश आणि कलशाभोवती सोनेरी पानांची माळ. जुन्या ग्रीक देवळांच्या खांबांवरून विलायतेत ही तऱ्हा निघाली, असं एका गोऱ्या पाहुण्यानं सांगितलं होतं. आमच्या गावच्या शाळेत ग्रीक कुणी शिकवले नाहीत. मला त्या दीपमाळाच वाटतात. आत बिजलीचा गोळा आहे खरा, पण तिन्हीसांजेला बटण दाबलं की माझे हात जोडले जातातच. तो पाहुणा समोर बसलेला असायचा. त्याला वाटलं, नमस्कार त्यालाच! उठून उभा राहिला बिचारा. मग मुक्काम हलेपर्यंत रोज संध्याकाळी उभा राहायचा.

६ ऑगस्ट, दिव्यांची अवस

परमेश्वरा!

आज घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची. आम्ही राहतो मागच्याच क्वार्टरात, म्हणून दिवाणखान्यातले हे दोघेही दरवर्षी घरी येतात. साहेबांना ठाऊक आहे. सरकारी असले तरी दिवेच ना! मात्र या दोघांना मी स्वतः कोरड्या फडक्यानं पुसतो. आज नेमकं साहेबांनी भोपाळची खोकी पाहायला बोलावलं. परत येतो तो एक दिवा परातीत आडवा! समया, निरांजनं, लामणदिवा घासता घासता शालिनीनं त्यालाही चिंच आणि राख लावली होती. पॉलिश गेलं. सोनेरी पानं गेली. सोललेल्या रताळ्यासारखा दिसतोय!

"अगं, हे काय केलंस!"

"दिवाच तर घासला. अवस आहे ना आज?"

शेजारच्या कुसुमताई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण निघालाय किती स्वच्छ हो!"

पूजा केली. त्या सोललेल्यालाही गंध लावलं.

७ ऑगस्ट

अन्न गेलं नाही. नोकरी राहते की जाते, देव जाणे. शालिनी दोन पोळ्या जास्त जेवली. धक्क्यानं असेल.

११ ऑगस्ट

आधी चहाचं पाणी लावून पाहिलं. डाग पडले. मग काळं बूट पॉलिश लावलं, ब्रशनं घासलं. चकाकी आली! पण आता तो दिवा कमी आणि हवालदाराचा बूट जास्त वाटतो. वासही तसाच.

"राहू द्या ना हो," शालिनी दहादा म्हणाली. "आणखी बिघडेल."

मी चिडलो. म्हटलं, बिघडवायचं तू आणि निस्तरायचं मी!

गंमत बघा — दिवा सुधारला तर मला भोपाळ, आणि मीच घाम गाळून घासतोय. पण वस्तू सरकारी. वरून तो बघतोय. मनातून म्हटलं, मारुतिराया, मी माझं काम करतो, तू तुझं बघ.

३ सप्टेंबर

खोकी भरायचा दिवस. लपवून काय उपयोग? दोन्ही दिवे साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, माझ्या घरी झालं, चूक माझी. शालिनीचं नाव काढलं नाही.

साहेबांनी दोन्ही दिवे जवळजवळ सरकवून पाहिले. मग वाकून वास घेतला.

"महिपतरावजी, इसका फ़ीता कहाँ है?"

बुटाची नाडी विचारत होते!

"एक राजा, एक जूता! भोपाल में कौन-सा मुँह दिखाऊँगा? जोड़ी टूट गई. ये यहीं रहेंगे."

"आणि मी, साहेब?"

"आप भी यहीं रहिए. भोपाल का सामान मुझे सही-सलामत चाहिए!"

नंतर मात्र हसले. चहा पाजला.

४ सप्टेंबर

मारुतीला नारळ फोडला. गाभाऱ्यात डोळे भरून आले. घरी येऊन शालिनीला प्रसाद दिला. म्हटलं, बघ, तुझ्या हातून चूक करवून घेतली आणि आपलं भलं केलं. त्याची लीला!

"हो ना," म्हणाली. खोबऱ्याचा मोठा तुकडा तिनंच घेतला.

२९ ऑक्टोबर

दिवाळीची झाडलोट. शालिनी लाकडी देव्हारा पुसत होती. मऊ फडकं, वाटीत थोडं खोबरेल. नक्षीतून बोट अगदी हळू फिरवत होती. मी थट्टेनं म्हटलं, चिंच आणून देऊ का?

वर न बघताच म्हणाली, "लाकडाला कुणी चिंच लावतं का?"

मी हातातली केरसुणी खाली ठेवली.

"आणि तुम्ही ते बूट पॉलिश लावत बसलात ना, तेव्हा मात्र वाटलं, गेलो आपण भोपाळला!"