रोजच्या कामाचा की जड कामाचा

कळवा,
२७ सप्टेंबर १९९९

चि. शालू,

बाबाचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडचं तू लिहिशील ते ठीक धरतो.

गणपती एकदाचे गेले. यंदा सगळ्या ऑर्डरी मोरूने सांभाळल्या. मी टेंभी नाक्याच्या दुकानात बसून चहा पीत हुकूम सोडले. मोरू आता माझ्यापेक्षा चांगला साउंडवाला झालाय. त्याला हे सांगू नकोस, पगार वाढवून मागेल.

पत्राचं कारण वेगळं आहे. मी लॅपटॉप घेतोय. हसून घे आधी, मग पुढे वाच.

डोंबिवलीचा रघु तुला आठवत असेल. आपल्याकडे अँप्लिफायर उघडून बसायचा, केस सारखे डोळ्यांवर. त्याने आता स्टेशनजवळ कॉम्प्युटरचं दुकान टाकलंय. मोठ्या कंपन्या जुने लॅपटॉप काढून टाकतात, हा ते आणून, ठाकठीक करून विकतो. परवा गेलेलो त्याच्याकडे. त्याने दोन समोर मांडले. एक लहान, वहीएवढा, पडदा काळा-पांढरा. पत्र लिहा, ई-मेल वाचा, संपलं त्याचं काम. दुसरा जाडजूड, मांडीवर घेतला तर मांडी बधिर होईल असा. पडदा रंगीत, आणि मेमरी बत्तीस एमबी का काय ती. त्यावर इमारतींचे नकाशेसुद्धा निघतात म्हणाला.

मला बाकी काय कळतंय? मी दोघांना कान लावला. लहान नुसता कुजबुजतो. मोठ्याचा पंखा घोंघावतो, पण एका सुरात घोंघावतो, मध्येच घसरत नाही. आतून यंत्र निरोगी आहे. रघु गालात हसत होता, पण त्यानेही खाली वाकून ऐकलं. जुनी सवय.

मग त्याने विचारलं, "काका, काम कसलं ते सांगा. रोजचं की जड?"

मी म्हटलं, विचारून सांगतो. तो म्हणाला, वापरणार तुम्ही आणि विचारणार कोणाला? मी विषय बदलला.

तर तुला विचारतो. दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या हाताशी असावा, एवढाच विचार. चार दिवस येणार असलीस तर लहान पुरे, ऑफिसचे निरोप बघशील. जास्त दिवस जमणार असेल तर मोठा लागेल, नाही का? तू मागे सांगितलेलंस, तुमच्या ऑफिसातली एक बाई बाळंतपणाला माहेरी गेलेली, ती तिथूनच नकाशे करून फ्लॉपीवर पाठवायची. तुमच्याकडे तसं चालतं, म्हणून आठवलं. बाकी काही नाही.

रतनरावांना नमस्कार सांग. त्यांचा रेडिओ हल्ली फोनवर मागे ऐकू येत नाही. रविवारी गाणी लावून बसायचे ना, मला तुझ्यापेक्षा जास्त तीच ऐकू यायची. बिघडला असेल तर पाठवून दे. जावयाचा रेडिओ दुसऱ्या कोणी उघडलेला मला आवडणार नाही.

शेजारची सखुबाई खाडीवरून मासे घेऊन आली की निवट्या देते. कालवण मी करतो, पण माझा हात अजून तीन माणसांचा आहे. रोज उरतं.

तुझा,
बाबा


कळवा,
८ ऑक्टोबर १९९९

चि. शालू,

आशीर्वाद. पत्र पोचलं. अंतर्देशीयात एवढी कोरी जागा सोडलेली मी प्रथमच पाहिली. असो, बंगलोरला कामं जास्त असतील.

लहान पुरे म्हणतेस, चारच दिवस सुट्टी आहे म्हणतेस. रतनरावांना जमणार नाही म्हणतेस. रेडिओ तिकडेच दुरुस्तीला टाकलाय. बरं.

त्याप्रमाणे लहान घेऊन टाकू म्हणून डोंबिवलीला गेलेलो. पण त्याची बटणं फार बारीक. माझं एक बोट तीन बटणांवर बसतं. रघुला म्हटलं, थोडं थांबू. मग पुन्हा मोठ्याला कान लावला. पुन्हा लहान उघडला. रघुने हात टेकले. म्हणाला, "काका, लग्नाची मुलगी बघायला आलात का? चालून दाखवू का त्याला?" दुकानातली माणसं हसली, मीही हसलो.

त्याने मला तिसरा रस्ताही दाखवला. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर घ्या म्हणाला, तेवढ्याच पैशांत दुप्पट ताकद. तो खोटं सांगत नव्हता. मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही.

तिथून शहाडला गेलो. नवीन मंगल कार्यालय झालंय, त्यांना कायमचे स्पीकर बसवून हवेत. मोरू बरोबर होता. मालक कौतुकाने संगमरवर दाखवत होता, आणि मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली. मालकाला वाटलं म्हातारा खूश झाला. त्यानेही वाजवली.

तुला हसू आलं असेल. फ्रॉकात होतीस तेव्हा माझ्याबरोबर यायचीस, तुझी आई ओरडायची तरी. हॉलमध्ये शिरलं की मी म्हणायचो, शालू, टाळी. तू डोळे गच्च मिटून वाजवायचीस. भरलेली खोली टाळी गिळते, रिकामी खोली परत करते, हे मी तुला एकदाच सांगितलेलं. त्यानंतर तू डोळे न उघडता सांगायचीस, बाबा, खुर्च्या अजून नाही आल्या. कधी चुकली नाहीस. मोरूला अजून मोजपट्टी लागते.

गावाहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या भोंग्याची बॅटरी खांद्यावर वाहायचो. मला ना शाळा, ना ओळख. जे काही उभं केलं ते या दोन कानांवर. पण कानांना झाकण नसतं, शालू. नको ते पण आत येतं.

विचारायचं राहिलंच. तुमच्याकडे रंगकाम काढलंय का? गेले काही फोन तुझा आवाज वेगळा लागतोय. म्हणजे तू नाही, तुझ्या आजूबाजूचं. पडदे उतरवलेत, कपाट हलवलंय, असं काहीतरी वाटलं. रंगाचा वास डोक्यात चढतो, खिडक्या उघड्या ठेवत जा.

शहाडहून घरी आल्यावर गंमत म्हणून आपल्या खोलीतही टाळी वाजवली. तुझ्या आईच्या ट्रंका, तिचं शिवणाचं टेबल, माझी जुनी खोकी. आवाज जागच्या जागी जिरला. ऐकणाऱ्याला वाटेल, घर माणसांनी भरलंय.

नवरात्र तोंडावर आलंय. आता दहा दिवस मला स्वतःचं बोलणं ऐकू येणार नाही. तेवढंच बरं.

तुझा,
बाबा


कळवा,
२० ऑक्टोबर १९९९

शालू बाळ,

काल फोन तू ठेवलास की मी, ते आठवत नाही. म्हणून उरलेलं लिहितो. बोलायला मी मोठा, पण माइकवर. समोरच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी वायरी तपासत बसतो. तुझी आई असती तर तिने पहिल्याच फोनला विचारलं असतं.

सकाळी फोन वाजला तेव्हा मी झेंडू ओवत होतो. तू दसऱ्याचं बोललीस, मी श्रीखंडाचं बोललो. मग मी म्हटलं, रंगकाम झालं का? तू म्हणालीस, हो बाबा, चाललंय अजून.

शालू, ते रंगकाम मी तुला दिलेलं होतं. वाटलं होतं, तू म्हणशील, कसलं रंगकाम बाबा? तू ते तसंच घडी न मोडता मला परत दिलंस. इतकं शहाणं वागायला तुला कोणी शिकवलं, हा विचार मनात आला आणि उत्तरही आलं. मीच की.

मग तोंडातून निघून गेलं, शालू, एक टाळी वाजव.

तू कशाला, असंही विचारलं नाहीस. तुला ठाऊक होतं मी काय मागतोय. ठीक आहे म्हणून फोन ठेवता आला असता. लाइन खराब आहे म्हणता आलं असतं. पण तू रिसीव्हर खाली ठेवलास, मी ते ऐकलं. आणि टाळी वाजवलीस.

ती भिंतीवरून परत आली, समोरच्या भिंतीवर गेली, तिथूनही परत आली. मी आयुष्यभर रिकामे हॉल ऐकले आहेत. त्यात संध्याकाळी माणसं येणार असतात, म्हणून त्यांची कधी भीती वाटली नाही.

मग तू रिसीव्हर उचलून म्हणालीस, "बाबा, खुर्च्यासुद्धा नेल्या त्याने."

इकडे माझ्या पाठीमागे मोरू आंब्याच्या पानांसाठी ओरडत होता.

रतनराव कधी गेले, का गेले, कोणाचं चुकलं, हे मी विचारणार नाही. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर राहू दे. लोकांना काय सांगायचं याची काळजी करू नकोस. लोकांपेक्षा मोठा आवाज करायची सगळी सामग्री माझ्याकडे आहे.

फोननंतर तसाच डोंबिवलीला गेलो. रघु दुकानाला तोरण बांधत होता. त्याने स्टुलावरून वळून विचारलं, ठरलं का काका? मी म्हटलं, "जड काम आहे." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थट्टा केली नाही. मोठा लॅपटॉप पुसला, पिशवीत भरला, वर आपट्याचं पान ठेवून माझ्या पाया पडला. पैसे सावकाश द्या म्हणाला. मी रोख दिले. सणाच्या दिवशी उधारी कशाला.

आपल्या दुकानात अँप्लिफायर, माइक, जुना भोंगा, सगळे पूजेला मांडलेले होते. त्यांच्या पंगतीत त्यालाही बसवलं. मोरूने त्याला कुंकू लावलं ते थोडं पडद्यावर सांडलं, तेव्हा एका कोपऱ्यात तांबूस दिसलं तर यंत्र बिघडलंय असं समजू नकोस. संध्याकाळी घरी आणून तुझ्या आईच्या शिवणाच्या टेबलावर ठेवलाय, खिडकीशी. तिथून रेल्वेपलीकडची खाडी दिसते. मशीन उचलून मी खाटेखाली सरकवलं. एवढ्या वर्षांत त्याला हात लावला नव्हता, पण टेबल मोकळं हवं होतं.

सखुबाई सोनं द्यायला आली. त्या डब्याला दोन्ही बाजूंनी न्याहाळून म्हणाली, "गुणाजी, आता याच्यासंगं बोलनार काय तू?" मी म्हटलं, माझा नाही, शालूचा आहे. ती मग म्हणाली, "मंग उद्यापास्नं निवट्या जास्ती आनते." ती अजून काही विचारेल म्हणून मी घाबरलेलो. तिने विचारलं नाही. तिच्या घरी तीन लेकी आहेत, तिलाही ऐकू येत असणार.

रघुला जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. टेबलावरचा कॉम्प्युटर घेतला असता तर काम जास्त चांगलं झालं असतं. पण तो टेबलाला बांधलेला. तुला वाटलं असतं, बाबाने दावण तयार ठेवली. हा बंद करून काखेत मारता येतो. चार दिवस राहिलीस तर चार दिवस, आणि ज्या दिवशी जावंसं वाटेल त्या दिवशी घेऊन जा, कुठेही. मी किती दिवस म्हणून विचारणार नाही. पहिल्या पत्रात विचारत होतो ते तेच होतं, लॅपटॉपच्या आडून. तुला तेव्हाच कळलं असेल.

रात्री त्याचा पंखा सुरू ठेवून पाहिला. घोंघावतो बऱ्यापैकी. शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू येतो. मला त्याचा त्रास होणार नाही.

येताना सामान आणायच्या भानगडीत पडू नकोस. इकडे खुर्च्या आहेत.

वाट ऐकत असलेला,
बाबा