भावोजी, उघडत नाही

मालका क्रुशा गाव,
जुलैची सुरुवात (मिरच्या अजून हिरव्याच आहेत)

प्रिय मारिन,

तुझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या दोब्रीचा, आशीर्वाद घे. तिकडे वालेन्सियात तू, तुझी बायको आणि मुलगी खुशाल असाल, ट्रकचं इंजिन आणि तुझी कंबर दोन्ही धड असतील, असं धरून चालतो. आम्ही बरे आहोत. पेन्काचे गुडघे बरे, कोंबड्या बऱ्या, आणि माझा रक्तदाब गेल्या जत्रेपासून तुझ्यामुळे जो वर गेलाय तो वरच मुक्काम करून आहे. तुझ्या आईचं विचारशील, तर हे सगळं पत्र तिच्याचविषयी आहे, तेव्हा जरा दम धर.

पत्र कागदावर लिहितोय याचं नवल करू नकोस. मी पुरता थकलोय, आणि कागद उलगडला की उघडतो एवढं मला पक्कं ठाऊक आहे. कागद तुला "हा प्रकार ओळखता आला नाही" असं सांगणार नाही. बसनं तिकडे येणाऱ्या स्तान्काच्या पिशवीतून पाठवतोय. सोबत लिंडनच्या फुलांचा चहा आहे (निम्मा वाटेत तिच्या बहिणीकडे उतरेल, तो धरू नकोस).

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं, पण तुला फक्त तुझ्या बाजूचं माहीत आहे. तुझ्या बाजूला चार शब्द होते: "भावोजी, उघडत नाही. सॉरी." वर्षभर तू मला हेच लिहून पाठवलंस. कधी "सॉरी" नसायचं, तेव्हा मी समजायचो की तू गाडी चालवतोयस. माझ्या बाजूला काय होतं ते आता ऐक.

गेल्या ऑगस्टात, देवमातेच्या सणाच्या जत्रेत, तुझ्या आईनं होरोच्या नाचाचं पुढारपण केलं. यांबोलच्या डॉक्टरांनी तिच्या खुब्याकडे बघून नाचायचं नाव काढू नका असं बजावलं होतं. सासूबाई त्यांना "बरं बरं" म्हणाल्या, घरी येऊन लाल रुमालाला इस्त्री केली आणि चौकात पहिल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. नाचणाऱ्यांची रांग चौकातून निघून दुकानाला वळसा घालून पुन्हा चौकात आली तरी रुमाल खाली आला नाही. सगळं गाव टाळ्या पिटत होतं. तू येणार होतास. तुझी थाळी मांडलेली होती, मिरच्या सोलून ठेवल्या होत्या, आणि सकाळी तुझा फोन आला की माल अडकला. (मी काही बोलत नाही. माल अडकतो. दर वर्षी ऑगस्टातच अडकतो, एवढं फक्त माझ्या ध्यानात आलंय.) संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "दोब्री, तुला ते सिनेमाचं काम येतं ना? मग एवढं त्याला दाखव. पोराला कळू दे आई अजून उभी आहे ते."

आता गावाची समजूत अशी, की मी उमेदीची सगळी वर्षं वाचनालयाच्या सभागृहात सिनेमाचं यंत्र चालवलं, म्हणजे जे जे हलतं त्यातलं मला कळतं. अरे, आमच्या वेळी रीळ म्हणजे रीळ होतं. राजधानीतून डब्यात घालून यायचं, आमच्याकडे चालायचं, दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला बांधून शेजारच्या गावात न्यायचं, तिथंही चालायचं. शेजारच्या गावाशी आमचं कधीच पटलं नाही (त्यांच्या विहिरीवरून), पण त्यांच्या यंत्रानं आमचं रीळ कधी नाकारलं नाही. कडेची भोकं सगळीकडे सारखी होती. हल्ली भोकंच नाहीत, तर जुळवायचं काय?

तर चार जणांचे मोबाइल आणि सरपंचांचा एक कॅमेरा यांतून मी चित्रण गोळा केलं आणि हिवाळाभर वाचनालयाच्या संगणकावर बसून त्याची कापाकापी केली. तुला वाटेल कापणं सोपं. गावात कुणाला कापून बघ. सरपंचांचं भाषण कापलं तर वाचनालयाचं सरपण बंद होईल. बेकरीवालीचा नवरा कापला तर ती पाव शिळा देते. शेवटी मी फक्त कुत्री कापली, तर एका कुत्र्याचा मालक येऊन विचारून गेला.

पहिल्यांदा मी जे तुला पाठवलं ते चटकन गेलं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तू लिहिलंस, "भावोजी, नुसत्या लाल फुल्या दिसतात." नंतर कळलं की मी फिल्म पाठवलीच नव्हती. कुठून काय कापायचं, कशानंतर काय जोडायचं याची नुसती टिपणं पाठवली होती, चित्रं सगळी इथंच. जेवायला बोलावून भाजी कशी चिरली ते सांगावं, तसला प्रकार झाला. दुसऱ्यांदा रीतसर फिल्म केली, तर तुझ्या लेकीच्या त्या चंदेरी संगणकावर आवाज आला, चित्र नाही. तू लिहिलंस, "ऐकू येतंय, दिसत नाही." पुढे अर्ध्या तासानं आणखी एक ओळ आली, "ती आईच ओरडतेय ना?" तुझी आई रुमाल फिरवताना जी आरोळी ठोकते, ती तू काळ्या पडद्यावर ऐकलीस. मी ती ओळ तिला वाचून दाखवली. त्या दिवशी माझ्या ताटात चीज भरलेल्या बनित्साचा मधला तुकडा पडला.

तिसऱ्यांदा प्रकार बदलला, तेव्हा चित्र आलं, पण आवाज पुढे आणि पाय मागे. साधा नाच असता तर खपलं असतं. हा सातच्या ठेक्याचा. गायदाचा सूर वाजून जायचा आणि मग अख्खं गाव सावकाश पाय टाकायचं. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "हे स्पेनला पाठवलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. जन्मात माझा ठेका चुकला नाही, आणि आता तुझ्या खोक्यात चुकतो होय?" चौथ्यांदा ठेका जुळला, पण सगळे आडवे फुगले. ते पेन्कानं अडवलं, कारण तीही रांगेत होती. पाचव्यांदा काय झालं ते मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. त्या सुमारास वाचनालयाचा संगणक दगावला. त्याआधी फिल्म मी एका फिरत्या डबीत (पेन ड्राइव्ह म्हणतात तीत) काढून घेतली होती, आणि मोबाइलवाल्यांनी आपापले मोबाइल कधीच रिकामे केले होते. म्हणजे तुझी आई आता त्या डबीतच काय ती नाचत होती.

एवढ्यात पेन्काला आठवलं, की विमकडे तुझ्या लेकीसारखाच चंदेरी संगणक आहे. विम म्हणजे तो हॉलंडचा पेन्शनर, ज्यानं वरच्या आळीतलं घर घेतलं आणि शेळ्या पाळल्या. त्याच्याकडे चाललं तर तुझ्याकडे चालणारच, असा आमचा हिशेब. मी डबी घेऊन निघालो, तर सासूबाई काठी घेऊन दारात. म्हणाल्या, "मीही येते. माझी फिल्म आहे." विमच्या स्वयंपाकघरात डबी लावली आणि काय सांगू मारिन, चालली. चित्र, आवाज, ठेका, सगळं जागच्या जागी, माणसं आपापल्या रुंदीची. सासूबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत फिल्म बघितली. शेवटी विमला म्हणाल्या, "पुन्हा लाव." पुन्हा बघितली, आणि मग खुर्चीला पाठ टेकून बसल्या. मला वाटलं, समाधान झालं.

आता ती फिल्म तुझ्यासाठी नव्या प्रकारात करून डबीत परत घालायची एवढंच राहिलं होतं. पण चंदेरी संगणक माझ्या डबीतलं वाचायला तयार, लिहायला नाही. त्याचं म्हणणं, आधी डबी आतून पुसून माझ्या पद्धतीनं सारवून द्या, मग लिहितो. तेवढ्यात पेन्काचा फोन आला म्हणून मी अंगणाच्या दारात उभा. विमनं डबी उचलून दाखवली आणि विचारलं, "पुसू?" फोन कानाला, पेन्का बोलतेय, म्हणून मी मानेनं उत्तर दिलं.

इथं जरा थांब. तू इतकी वर्षं तिकडे आहेस, तुझी मान आता कुठल्या बाजूची झाली देव जाणे, म्हणून सांगतो. आपण मान डावी-उजवीकडे हलवली की "हो" आणि झटका देऊन वर नेली की "नाही". बाकीच्या जगात उलटं. माझ्या मनात आलं, विम बिचारा परका माणूस, त्याला त्याच्या रीतीनं सांगावं. म्हणून "नको" म्हणायला मी मान डावी-उजवीकडे हलवली, चांगली ठळक. आणि विम इथं राहून राहून आपला झाल्याच्या अभिमानात. त्यानं माझी मान आपल्या गावच्या रीतीनं वाचली. मी त्याच्यासाठी बदललो, तो माझ्यासाठी बदलला, आणि मी फोन ठेवून आत आलो तेव्हा डबी धुतल्यासारखी स्वच्छ होती. विमचा चेहरा उतरला. मी खुर्चीत बसलो. सासूबाई तेवढ्या शांत होत्या. म्हणाल्या, "जाऊ दे दोब्री. चहा घे."

तेव्हा फिल्म गेली, मारिन. मला वाईट वाटतं आणि सुटल्यासारखंही वाटतं, दोन्ही खरं आहे. मला रागाचं काही लिहू नकोस. काहीही लिही, पण "उघडत नाही" लिहू नकोस. तुझ्या घरच्यांना प्रेम सांग. लेकीला म्हणावं, तिच्या संगणकावर माझा राग नाही, त्यालाही त्याच्या घरचं वळण असणार.

तुझा थकलेला,
दोब्री

ता.क. स्तान्काची बस उद्या आहे, म्हणून आणखी थोडं. आज विम शेळीचं चीज द्यायला आला होता. मी पुन्हा मानेचा विषय काढून त्याची माफी मागितली, तर तो चक्रावून बघायला लागला. म्हणाला, "दोब्री, या गावात मी मानेवर विश्वास ठेवणं पहिल्याच वर्षी सोडलं. मी आजींना तोंडी विचारलं. त्या म्हणाल्या, पूस बाळा, पूस." मी तडक सासूबाईंकडे गेलो. त्या मिरच्यांना पाणी घालत होत्या. मी म्हटलं, "तुम्ही पुसायला लावलंत?" त्यांनी पाण्याची झारीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "लावलं. मी दोनदा बघितली ना. इतकी छान झालीय की ती बघितल्यावर त्याला यायची गरजच वाटणार नाही."

दुसरा ता.क. त्यांनी तुला काही सांगायला बजावलेलं नाही, म्हणून मी सांगतो. यंदाही त्या होरोच्या पुढे उभ्या राहणार आहेत. रुमालाला इस्त्री झाली आहे. खुबा गेल्या वर्षीपेक्षा वाईट आहे, जिना उतरताना मला हाक मारतात, आणि आधी कधी मारत नसत. जत्रेच्या आधी माल अडकणार असेल तर अडकू दे, तू नको अडकूस. मला एवढंच मागायचं होतं. बाकी सगळं, या मागण्यापर्यंत यायचं धैर्य होईना म्हणून लिहिलं.

तिसरा ता.क., आणि हा स्तान्कासमोर वाचू नकोस. विम काळजीवाला माणूस आहे. डबी पुसण्याआधी त्यानं फिल्म स्वतःकडे उतरवून घेतली होती; तेव्हा सासूबाई समोर होत्या म्हणून बोलला नाही, आज चीज देताना सांगितलं. सासूबाईंना हे माहीत नाही आणि माहीत व्हायचंही नाही. मी त्या फिल्मच्या नव्या प्रकारातल्या प्रती करून सगळीकडे चालवून पाहिल्या: त्याच्या संगणकावर, बेकरीवालीच्या टीव्हीवर, सरपंचांच्या मोबाइलवर. सगळीकडे उघडते. मनात आणलं तर आत्ताच तुला पाठवता येईल. मी पाठवणार नाही. आलास तर तुझ्या आईच्या शेजारी बसून बघू, ती चिडेल, चिडू दे. नाही आलास, तर कधीतरी एक दिवस मी ती तुला आपणहून पाठवीन, तू मागितली नाहीस तरी, आणि त्या दिवशी ती उघडेल.