चिन्मयीची सीट

प्रिय राजनंदिनी,

तुला आणि चिन्मयीला पोटभर आशीर्वाद. अंगदला यात आशीर्वाद लिहीत न्हाई, त्याचं कारण पुढं येईलच. इथं जाफराबादला कापूस वेचून झाला, सोयाबीन कवाच विकलं. तुझे सासरे बरे आहेत. ओसरीवर बसून राहतात आणि चहाला जरा उशीर झाला की अजूनही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खेकसतात.

परवा अंगदनं घरच्या ग्रुपवर टाकलं, की चिनू दोन वर्षांची व्हायच्या आत गावाकडं येऊन जातो, म्हंजे विमानात तिला वेगळी सीट घ्यावी लागत न्हाई, आईच्या मांडीवर बसते. खाली सगळ्यांनी अंगठे दिले. तुझे सासरे तर जो भेटेल त्याला सांगून राह्यले, पोरगं अमेरिकेत गेलं पण अक्कल जागेवर आहे. तू मात्र खाली काहीच लिहिलं न्हाई. मंग मला फोनवर हळूच विचारलंस, आई, इतका लांबचा प्रवास, सीट घ्यावी का? तेवढ्यात मागून अंगदचा आवाज आला आणि तू एकदम शेवग्याच्या शेंगांचं विचारायला लागलीस. मीही शेंगांचंच बोलले. तुझ्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर आज देते. घे. काहीही झालं तरी घे.

तुझ्या बाळंतपणाला मी एकटी आले होते, आठवतं ना? त्या विमानात माझ्या शेजारी एक बाई होती, मांडीवर चिनूएवढंच पोरगं. एकाएकी विमान असं खाली आदळलं की माझ्या हातातला पेला छताला गेला. पोरगंही गेलं. वर आपटलं आणि पलीकडच्या माणसाच्या अंगावर पडलं, भुवई उभी फाटली. ती बाई जागी होती गं, दोन्ही हातांनी धरून होती. कुणाच्या बापाला धरता आलं नसतं! तिच्या नवऱ्यानं काय करावं? पोराचं रक्त पुसायच्या आधी बायकोच्या थोबाडीत दिली. एवढंही धरता येत न्हाई का, म्हणून. आणि ती गपचूप पोराचं तोंड पुसत राहिली.

कुणी विचारलं तर त्या पोराचं सांग, तेवढं कारण बिलकुल पुरेसं आहे. पण माझं कारण दुसरं आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

माझं माहेर आष्टीचं. अंगद लहान असताना आम्ही जाफराबादहून जालना आणि तिथून आष्टी असं एसटीनं जायचो. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नसतं, म्हणून आपल्याकडं सगळ्यांची लेकरं कायम चारचीच असतात. अंगदचे पाय माझ्या नडगीपर्यंत लोंबायला लागले तरी हे कंडक्टरला सांगायचे, चार. अंगदलाही तसंच पढवून ठेवलेलं. लोक हसायचे, मीही हसायचे. पण मांडीवर लेकरू असलं की बाईचे दोन्ही हात अडकतात, हे यांना बराबर कळलं होतं. खिडकीतून कोणाला बघून राह्यली, असं म्हणायचं आणि कोपर बरगडीत घालायचं. मांडीला चिमटा घेऊन मांस पिळायचं. एकदा नाकावरच बुक्की मारली. रक्त थेट अंगदच्या डोक्यावर सांडलं. पोर झोपलेलं, त्याला सोडलं तर ते खाली पडणार, म्हणून मी नाकाला हातसुद्धा लावला न्हाई. त्याच्या केसात माझं रक्त सुकलं. आष्टीच्या स्टँडवर उतरल्यावर मी ते थुंकी लावून पुसलं आणि हसत माहेरच्या दारात गेले. भरल्या गाडीत कोणी एक शब्द बोललं नव्हतं.

पुढच्या खेपेला कंडक्टर आला, हे म्हणाले चार. माझ्या तोंडून निघून गेलं, पाच पूर्ण झालेत, अर्धं तिकीट फाडा. कंडक्टरनं तिकीट फाडलं, बाजूच्या बाकावरचं कुणाचं तरी गाठोडं खाली ठेवायला लावलं आणि अंगदला तिथं बसवलं. माझ्या मांडीवर कवा न्हाई ते काहीच न्हवतं. राजूर मागं पडलं आणि यांनी माझा अंबाडा धरला. चारचौघात मला खोटं पाडतेस, म्हणून डोकं समोरच्या दांडीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायला ओढलं तेव्हा यांचं बोट माझ्या हातात आलं. मी ते उलटं वाकवलं. मोडेपर्यंत वाकवलं. मंग पायाशी शिदोरीचा पितळी डबा होता, तो उचलला आणि तोंडावर हाणला. दात पडला. दुसऱ्यांदा हाणला तेव्हा बरं वाटलं, राजनंदिनी, खोटं कशाला सांगू! आता मात्र सगळी गाडी उठली. बाईमाणसानं असं करावं का, म्हणून मलाच धरलं.

घरी त्याचं उट्टं निघालं, न्हाई असं न्हाई. चुलीतलं जळतं लाकूड पाठीला लागलेलं अजून दिसतं. पण तेव्हापासून यांचा आवाज चढला की मी आधी लेकरू खाली ठेवायची आणि मंग उभी राहायची. मी उभी राहिलेली यांना सोसेना. हळूहळू हात थांबला, जीभ तेवढी राहिली.

आता ऐक. दिवाळीनंतर एका रविवारी तू व्हिडिओवरचा फोन केलास, चिनू तुझ्या मांडीवर झोपली होती. बोलून झाल्यावर तू फोन समोर ठेवलास, बंद करायचा राहून गेला. अंगद मागून आला. तुझ्या डोक्यात मारलं, केस धरून मान मागं ओढली आणि कानाशी काहीतरी बोलत दुसरी लगावली. तू हात वर केला न्हाईस. तुझे दोन्ही हात चिनूच्या खाली होते. मी इथून ओरडले, पण तू कानातलं यंत्र काढून ठेवलं होतंस, माझा आवाज तिथं पोचला न्हाई. ज्याच्या केसात माझं रक्त सुकलं, त्यानंच बापाकडून बराबर उचललं बघ. पोटचा पोरगा आहे, पण त्या घडीला हाताशी तो डबा असता तर मी त्याच्याही तोंडावर हाणला असता.

तुझा भाऊ भुजंग कामासाठी तिकडं येऊन राह्यला, हे पत्र त्याच्याच हाती देते. फोन अंगद बघतो, म्हणून कागदावर लिहिलं. भुजंगला सगळं सांगितलंय. तो अंगदचे हातपाय तोडायला निघाला होता. त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की आधी तुम्हा मायलेकींना घेऊन यायचं. चिनू त्याच्या परतीच्याच विमानात, त्याच्या शेजारी, तिच्या स्वतःच्या सीटवर बसून येईल. वाटेत कोणी आडवं आलं तर तुझे हात मोकळे पाहिजेत. जाफराबादला येऊ नको, इथं हे आहेत. जालन्याला तुझ्या आईकडं उतर, मी तिथं आधीच येऊन बसलेली असेन आणि लोक काय म्हणतील ते मी बघते. अंगदनं तीन जणांचा प्रवास आखलाय, तीन जणांत दोन सीटा. सीटा दोनच राहू दे, राजनंदिनी. एक तुझी, एक चिन्मयीची.

तुझीच,
नंदाबाई