हजेरीचा कृष्ण

चऱ्होली, २ एप्रिल १९५५

वही, बरी आहेस ना? बरेच दिवस तुला उघडलं नाही. आमच्याकडचं विचारशील तर, कारभाऱ्यांचा गुडघा ऊन चढलं की सैल होतो. सूनबाई दुर्गाचा खोकला अडुळशानं पळवला. गाय व्याली, कालवड झाली. माझे डोळे तेवढे म्हातारे झालेत, बाकी मी ठणठणीत.

जत्रा तोंडावर आली. तमाशाचा फड दरसालचाच, रतनबाईचा. उतरायला आमचाच गोठा.

४ एप्रिल

फडाचा ढोलकीवाला मीरासाहेब सुपारी पक्की करायला आला. सोबत लेक शहाजादी — नऊ वर्षांची, आई नाही. गवळणीत कृष्णाचं सोंग घेते, आणि माणसं लोटतात ती तिच्यासाठीच. आल्या आल्या रांजणाला टेकली नि उभ्या उभ्या पेंगली.

"आक्का, पोलीस नवीन कायदा दाखवत्यात," मीरासाहेब म्हणाला. "ल्हान पोर खेळात बोर्डावर उभं करायचं तर परवाना लागतो म्हणं."

कारभारी जत्रेचे पंच. "कृष्ण न्हाई तर गवळण कसली? बाकीचे पंच दुसरा फड बघतील, मीरा."

त्याचं तोंड उतरलं. मला सरकारचाच राग आला. सुताराचं पोर रंधा धरतंच की बापाशेजारी!

५ एप्रिल

पुण्याला कचेरीत गेलो — बाप, लेक नि मी. मोटारीत पोरीला पढवलं, "साहेब विचारील त्याला ताठ मानेनं सांग. भ्यायचं नाही."

साहेब तरुण, आवाजाचा मऊ. "रात्री केव्हापर्यंत जागतेस, बाळ?"

पोर ताठ झाली. "कोंबडं आरवेस्तोवर. एकदाबी डुलकी न्हाई."

फडात ही शाबासकीची गोष्ट. बापाच्या मिशा फुलल्या. मीही कौतुकानं मान डोलावली. साहेबानं लेखणी खाली ठेवली, तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला.

"रात्रीचा परवाना मिळायचा नाही."

मीरासाहेब उठायला लागला. मी म्हटलं, "आणि दिवसा, साहेब?" जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फड देवापुढे हजेरी लावतो, तो खेळ उन्हातच असतो. हे साहेबाला ठाऊक नव्हतं. पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, मग दिला — दिवसापुरता. अट एक, पोरीचं नाव शाळेत हवं. मीरासाहेब "व्हय, व्हय" म्हणाला. आठ-आठ दिवसांनी गाव बदलणारा माणूस, दुसरं काय म्हणणार?

७ एप्रिल

पंच मानले — रात्री कृष्ण दुसरा कुणी, पोर हजेरीला. कारभारी घरी येऊन म्हणाले, "तुझ्या कृष्णापायी चावडीवर माझा घसा कोरडा पडला. चहा टाक. आन् गुळाचा हात सैल ठेव."

१२ एप्रिल

काल जत्रेची रात्र. बोर्डावर कृष्ण रतनबाईच झाली. लोक आधी कुरकुरले, मग रंगले. शहाजादी माझ्या वाकळेत. ढोलकी घुमली की झोपेतच तिचे पाय हलायचे. मग तेही निवले.

सकाळी दचकून उठली. "आज्जी, कोंबडं आरवलं? मी निजले व्हते?" डोळ्यांत पाणीच.

"आरवलं. तुला न उठवता गेलं बघ."

विश्वास बसेना तिचा. बाहेर जाऊन ऊन बघून आली.

दुपारी हजेरी. रात्री गॅसबत्तीच्या झोतात पुढचं काही दिसत नाही म्हणे. दरसाल रात्रभर जागून हजेरीला ती पेंगलेलीच असायची; आज पहिल्यांदा तिला माणसं दिसली. पुढे गावची पोरं बसलेली. हा कृष्ण पेंद्याला सोडून त्यांनाच विचारतोय, "तुमी काय खाल्लं रं सकाळी?" गाव हसून लोटपोट. मीरासाहेबाचा ठेका चुकला, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

१३ एप्रिल

फड चाकणकडे गेला. पोर गाडीत मागे तोंड करून बसली होती. कायद्याला मी काय काय बोलले होते. आज वाकळेची घडी घालवेना.

१६ जून

पावसाळ्यात फड बसतो. मीरासाहेब पिंपरीला बांधकामावर लागला. परवा लेकीला घेऊन आला, बोचक्यासकट. "आक्का, तुमच्यात गाढ निजती ती. साळंत घाला. कृष्ण फकस्त हजेरीला."

आज नाव घातलं. संध्याकाळी म्हटलं, बापाला काय कळवू?

"लिवा — अब्बा, हितं कोंबडं आरवलं की मी उठती. तुमी निजता का? लौकर कळवा."